राणीचा डावा हात

"खालून धरा रे, खालून! राणीच्या मस्तकाच्या वर हात नेऊ नका कुणी," कालोलाइने ओरडली. ओरडतानाही तिने मान खालीच ठेवली होती.

शिडीवर चढलेले दोघे पुरुष 'तुलौ, तुलौ' म्हणत क्षमा मागत होते. मोठ्या माणसासमोरून जाताना म्हणतात तसेच, फक्त इथे समोर माणूस नव्हता, तसबीर होती. पुरुषभर उंचीची, सोनेरी चौकटीतली, मोठ्या राणीची तसबीर. राणी खुर्चीत बसलेली, कमरेला जुनी बारीक विणीची चटई, उजवा हात खुर्चीच्या दांडीवर आणि डावा मांडीवर. हिच्या छापील प्रती बेटावरच्या घराघरात होत्या. दिनदर्शिकेवर, बिस्किटांच्या डब्यांवर, दवाखान्यात, पोलीस चौकीत, सगळीकडे. पण अस्सल तसबीर ही. राणीने स्वतः मुलींच्या या शाळेला दिलेली. शाळेला शंभर वर्षे पुरी होत होती आणि ऑकलंडच्या माजी विद्यार्थिनींनी तसबिरीच्या दुरुस्तीसाठी एक बाई धाडली होती.

ती बाई, तेलेसिया, दाराशी पॅन्ट घालून उभी होती. मोठ्यांचा मान राखायला कमरेला गुंडाळतात ती चटई नाही की गोंड्यांचा पट्टा नाही. आईबाप इथलेच, पण पोरगी तिकडे जन्मलेली. कालोलाइनेने तिला नखशिखांत न्याहाळले आणि मनात म्हटले, असू दे. मी माझी सोय केली आहे.

सोय अशी, की आदल्या दिवशी तिने खाली उभी राहूनच तसबिरीच्या पाठीमागे हात घालून, कापडाच्या खालच्या काठाशी केवड्याच्या पातीचा एक धागा ओवून तीन गाठी मारल्या होत्या. तसबीर बदलली गेली तर धागा सांगेल. वेड्यासारखे वाटले तरी तिच्याकडे कारण होते. वीस वर्षांपूर्वी एक दाढीवाले गृहस्थ शाळेचे हाताने लिहिलेले जुने भजनांचे पुस्तक 'फोटो काढून परत पाठवतो' म्हणून घेऊन गेले. परत आले ते फोटोच. तेव्हापासून शिकल्यासवरल्या माणसाच्या हातात पेटी दिसली की कालोलाइने आधी कमरेच्या किल्ल्या चाचपून बघे.

ती काही मोठी कुणी नव्हती. शाळेच्या सभागृहाची झाडलोट, किल्ल्या, पडदे, खुर्च्या. छत्तीस वर्षे हेच. गुडघ्यांवर बसून, लांब दांड्याच्या पिसांच्या कुंच्याने खालूनच तसबिरीची धूळ झटकायची; वर चढायची तिची कधी छाती झाली नाही. नवरा, मोआला नावाचा, होड्या रंगवायचा. आठ वर्षांपूर्वी गेला. मुले परदेशी. आता किल्ल्यांचा जुडगा हाच तिचा संसार.

तसबीर शिवणवर्गात नेली. मुख्याध्यापिका लावीनियाबाईंनी तेलेसियाला टेबल, पंखा, पाण्याचे भांडे दिले आणि विचारले, "आणखी काही लागेल?"

"एकांत," तेलेसिया हसत म्हणाली.

"ते नाही मिळायचं," असे म्हणून कालोलाइने चटई पसरून दारातच बसली. विणकामाच्या पाती पुढ्यात घेतल्या.

"मावशी, तुम्ही रोज बसणार इथं?"

"रोज."

"काय करणार बसून?"

"बघणार."

पहिल्या दिवशी तेलेसियाने तसबीर चौकटीतून काढली, पालथी केली आणि एकदम खो खो हसली. "मावशी, हा धागा तुमचा ना? तीन गाठींचा?"

कालोलाइनेने वर पाहिले नाही. "असेल कुणाचा तरी."

"राहू दे. मी हातसुद्धा लावत नाही त्याला. जाताना मोजून घ्या गाठी."

हे बोलणे कालोलाइनेला अधिकच खटकले. चोर पकडला गेल्यावर चिडतो. जो हसतो तो त्याच्याही पुढचा.

दुसऱ्या दिवशी तर कहरच झाला. तेलेसियाने एका बारीक काडीला कापूस गुंडाळला, काडी तोंडात घातली, जिभेवर फिरवली आणि तो ओला कापूस सरळ राणीच्या गालावर घासला.

कालोलाइनेच्या हातातल्या पाती खाली पडल्या. "थुंकी! अगं ए भवाने, राणीला थुंकी लावतेस?"

"मावशी, ऐका—"

"काय ऐकू? अगं, तिच्या सावलीवर पाय पडला तर आमच्या आज्या आठ दिवस जेवत नव्हत्या, आणि तू..." ती अनवाणीच धावत गेली आणि लावीनियाबाईंना वर्गातून ओढून घेऊन आली.

तेलेसिया बिचारी लाल झाली होती. "बाई, जगभर असंच करतात. थुंकीनं मळ अलगद सुटतो. दुसऱ्या कुठल्या औषधानं एवढ्या हळू सुटत नाही. मी सकाळपासून चहासुद्धा घेतला नाही, त्यासाठीच."

लावीनियाबाईंनी कापूस पाहिला. तो काळा झाला होता. राणीच्या गालावर नाण्याएवढी जागा उजळली होती, जणू त्या जागी कुणी दिवा धरला होता. बाई बराच वेळ तिथेच बघत राहिल्या.

"चालू द्या," त्या म्हणाल्या. "पण लोसेकाकूंना यातलं काही कळू देऊ नका."

लोसेकाकू म्हणजे शाळासमितीच्या सर्वांत वडील सभासद. वय ऐंशीच्या पुढे. त्यांची आई राणीच्या खोलीत पंखा घालायला असे. राणीबद्दलचा शेवटचा शब्द लोसेकाकूंचा.

बाई गेल्यावर कालोलाइने परत चटईवर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आणि 'राणीचं तोंड' नको म्हणत जाऊस. काल म्हणालीस. तोंड माझं आणि तुझं. राणीचं मुख."

"मला एवढं नाही येत, मावशी. घरी आई भांडतानाच आपली भाषा बोलायची."

कालोलाइनेला हसू आले, ते तिने पातींत लपवले.

चौथ्या दिवशी तेलेसियाने खिडक्यांना काळे कापड लावले. "एक दिवा लावून बघायचाय. त्या उजेडात जुनं काय आणि नवं काय ते वेगळं दिसतं. अंधारात माझ्यावर लक्ष ठेवायचं तर जवळ या."

कालोलाइने जवळ गेली. जांभळट दिव्याखाली राणीचे सारे अंग शेवाळलेल्या पाण्यासारखे हिरवट चमकू लागले. मुख, गळा, कमरेची चटई, उजवा हात. फक्त डावा हात तेवढा काळा ठिक्कर राहिला. मनगटापासून बोटांपर्यंत, कुणी कापून नेल्यासारखा.

तेलेसियाने शीळ घातली. "हा हात नंतरचा आहे. दुसऱ्याच कुणीतरी रंगवलाय. आणि हा चित्रकाराचा रंग नाही मावशी, हा होडीला लावतात तसला रंग वाटतोय."

कालोलाइनेच्या मनात आले, आली हिची खोड बाहेर. आता म्हणेल खराब आहे, तिकडे न्यावी लागेल. "काहीतरीच! या हातापुढं पोरी परीक्षेआधी माथा टेकतात. डाकेच्या तिकिटावर हाच हात आहे."

"तिकीट कधीचं?"

"मोठ्या वादळानंतरचं."

"आणि वादळाआधीचा एखादा फोटो?"

"होता एक. बारका, काळापांढरा. त्यात काही दिसत नाही."

तेलेसियाने कापड काढले. दुपारचे ऊन आत आले. कालोलाइने अजून टेबलापाशीच उभी होती. छत्तीस वर्षांत ती पहिल्यांदाच राणीच्या इतक्या जवळ, आणि राणीच्या वर, उभी होती. तिने डाव्या हाताकडे पाहिले. रुंद पंजा, फुगीर शिरा, आखूड नखे. आणि करंगळी. करंगळी शेवटच्या पेराशी बाहेरच्या अंगाला वाकलेली.

तिने आपला डावा हात पाठीमागे लपवला.

"मावशी, बरं वाटत नाही का?"

"ऊन लागलं," म्हणून ती बाहेर पडली.

घरी जाऊन ती उंबऱ्यावर बसली आणि हात मांडीवर ठेवून बघत राहिली. सात वर्षांची असताना नारळ सोलायच्या सुळक्यावर करंगळी मोडली होती. बापाने पानांत बांधली, ती तशीच वाकडी बसली.

मोठ्या वादळाच्या वेळी ती सत्तावीस वर्षांची होती. सभागृहाचे छप्पर उडाले, तेव्हा मोआलाने पावसातून तसबीर ओढत बाहेर काढली होती. सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली. चौकट तेवढी खिळखिळी झाली आहे, मी नीट करतो, असे तो तेव्हाच्या गोऱ्या मुख्याध्यापिकेला म्हणाला आणि तीन आठवडे शाळेच्या कोठीत आतून कडी लावून काम करत बसला. त्या तीन आठवड्यांत तो संध्याकाळी साबणाने अंग घासून घरी येई. जन्मात कधी न केलेली गोष्ट. एरवी रंगाने बरबटलेलाच जेवायला बसणारा माणूस! शेजारणीने सांगितले की ऑर्गन शिकवणारी लुपे कोठीच्या दाराशी ताट घेऊन गेलेली दिसली. झाले. कालोलाइनेच्या डोक्यात किडा शिरला.

"कोठीत कोण असतं तुझ्याबरोबर?" तिने विचारले होते.

"कुणी नाही. राणी असते," तो म्हणाला होता, आणि ती थट्टा तिच्या जिव्हारी लागली होती.

त्याच दिवसांत तो एकदा भर दुपारी आला आणि म्हणाला, "जरा बस ना माझ्यासमोर. हात असा मांडीवर ठेव." तारोचे कंद सोलायचे पडले होते. ती चिडली, पण बसली. तो काही न बोलता तिच्या हाताकडे बघत राहिला, फार वेळ. गुन्हेगार माणूस असाच लाडात येतो, असे तिला वाटले.

पुढच्या वर्षी लुपे ऑकलंडला गेली, पण कालोलाइनेच्या मनातून गेली नाही. मोआला बक्षीससमारंभाला कधी सभागृहात पाऊल टाकत नसे, बाहेर आंब्याखाली बसे. ऑर्गन ऐकवत नसेल, असे ती म्हणायची, चारचौघांत म्हणायची, तोही खाली मान घालून ऐकून घ्यायचा. शेवटी दवाखान्यात त्याने तिचा डावा हात हातात घेतला आणि करंगळीवरून अंगठा फिरवत राहिला. काहीतरी सांगायचे होते त्याला. तिला वाटले, आता कबुली द्यायची आहे मेल्याला. मला नको. तिने हात काढून घेतला होता.

उंबऱ्यावर ऊन कलले तरी ती उठली नाही.

समितीची बैठक शनिवारी शिवणवर्गातच भरली. तेलेसियाने हाताचे सांगितले, तेव्हा आधी कुणाला काही कळलेच नाही. कळल्यावर लोसेकाकूंची काठी जमिनीवर आपटली.

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही कुणा भलत्याच्या रंगरंगोटीला माथा टेकत होतो?"

"काकू, खालचा हात फाटला असणार. कुणीतरी दुरुस्त केला असेल," लावीनियाबाई म्हणाल्या.

"कुणी? आणि कधी? की याच आठवड्यात?" लोसेकाकूंनी तेलेसियाकडे बोट केले. "आठ दिवसांपूर्वी राणी धडधाकट होती. ही आली, दारं-खिडक्या बंद करून बसली, आणि आता म्हणते हात खोटा. खरा हात कुणाला विकलास गं? थुंकी लावतेस म्हणे राणीला!"

तेलेसियाचा चेहरा उतरला. तिने उत्तर द्यायला तोंड उघडले, पण आईच्या भांडणातून शिकलेली भाषा तिला इथे पुरी पडेना.

कालोलाइने दाराशी होती. गप्प बसली असती तर कुणी तिला विचारलेही नसते. मोआला नावाचा एक होड्या रंगवणारा आठ वर्षांपूर्वी मेला होता. त्याला आता कोण उकरून काढणार होते? संशय त्या परक्या पोरीवर गेला होता आणि विमानात बसून तो तिच्याबरोबर निघूनही गेला असता. संशय धरला की तो माणसाला कसा आतून पोखरतो, हे मात्र कालोलाइनेइतके त्या खोलीत कुणाला ठाऊक नव्हते.

"पोरीनं काही केलं नाही," ती म्हणाली. "मी रोज इथं बसून होते. हात माझ्या नवऱ्यानं काढलाय. वादळानंतर."

लोसेकाकूंचे बोट खाली आले.

"मोआलानं?" लावीनियाबाई म्हणाल्या. "तुला माहीत होतं?"

"गेल्या मंगळवारी कळलं." तिने डावा हात पुढे धरला. "त्यानं माझा बघून काढला."

बाई पुढे झाल्या. हाताकडे, मग तसबिरीकडे, पुन्हा हाताकडे पाहिले. वाकडी करंगळी तीच होती.

लोसेकाकू काठी टेकून उभ्या राहिल्या. "तारो सोलणारा हात! राणीच्या अंगाला! माझी आई राणीला पंखा घालायची, पण तिच्या बोटाला बोट लागू द्यायची नाही. आणि तुम्ही... किल्ल्या ठेव खाली."

कालोलाइनेने जुडगा कमरेचा काढून जमिनीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवारी, प्रार्थनेनंतर, ती कमरेला फाटकी, कुजकी चटई गुंडाळून लोसेकाकूंच्या अंगणात जाऊन जमिनीवर बसली. क्षमा मागायची ती अशीच. आतून कुणी बाहेर आले नाही. माणसे जेवून झोपली, उठली, पुन्हा प्रार्थनेला गेली. ती संध्याकाळी उठून घरी आली. क्षमा मिळाली नव्हती, म्हणून चटई मात्र तिने सोडली नाही.

समितीने ठरवले की हात काढून टाकायचा, खालचा मूळ हात उघडा करायचा.

तेलेसिया स्वतः तिच्या घरी आली. भाजलेल्या माशाचा वाटा पुढे सरकवीत कालोलाइने म्हणाली, "खा. वाळलीस."

"मावशी, उद्या काढायचाय. तुम्ही याल?"

"माझ्याकडे आता किल्ल्या नाहीत."

"बघायला या. तुम्ही दारात बसला नाहीत तर माझं काम नीट होत नाही." मग तिने विचारले, "ते चित्रकला कुठं शिकले होते?"

"कुठं शिकतोय? होड्यांवर नावं काढायचा. पक्षी काढायचा. एकदा मासा काढला तर लोक म्हणाले, वास येतोय."

"मी पुष्कळ दुरुस्त्या पाहिल्यात. मोठमोठ्या माणसांच्या. होडीच्या रंगानं असा हात..." तिने मान हलवली. "शिरा बघितल्यात? जिवंत आहेत."

कालोलाइने माशाचे काटे काढत राहिली. मग म्हणाली, "मला वाटायचं, त्याचं बाहेर काहीतरी आहे. पंचवीस वर्षं."

तेलेसियाने माशाचा तुकडा उचलून तोंडात टाकला.

सकाळी शिवणवर्गात तेलेसियाने आधी त्या हाताचे फोटो काढले. मग मलमासारखे काहीतरी लावले, थांबली, आणि पातळ सुरीने मऊ झालेला रंग अलगद उचलू लागली. अंगठा गेला. तळव्याचा उंचवटा गेला. आज कालोलाइने दारात नाही, टेबलाला लागून उभी होती. तिला वाटले होते दुखेल, निदान रडू तरी येईल. तसे काही झाले नाही. ती मोआलाला काम करताना बघत होती, उलट्या दिशेने. त्याने शेवटी काय काढले असेल ते आधी निघत होते, आणि पहिल्यांदा काय काढले ते सर्वांत शेवटी. शेवटी करंगळी राहिली. तेलेसियाची सुरी थांबली.

"काढ," कालोलाइने म्हणाली.

खालून निघाला तो सडपातळ, फिकट हात. निमुळती बोटे, एका बोटात अंगठी. छपराच्या पत्र्याने मधोमध उभा चिरलेला.

"हा राणीचा हात?" कालोलाइने पुटपुटली. "अगं, मी लहानपणी राणीला पाहिलंय. बंदरावर उतरली होती. हा एवढा पंजा होता तिचा."

"गोरा चित्रकार होता," तेलेसिया म्हणाली. "त्यानं त्याच्याकडच्या राण्यांचा काढला असेल."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि हसणे लगेच विरून गेले.

काम पुरे व्हायला आणखी दहा दिवस लागले. चीर बुजली, बोटे जुळली. निघण्याआधी तेलेसियाने अहवाल लिहिला. एक प्रत शाळेला, एक ऑकलंडला. कालोलाइनेला तिने एक ओळ वाचून दाखवली: 'डाव्या हाताची पूर्वीची दुरुस्ती, वादळानंतर, करणार: मोआला, होड्यांचा रंगारी, कौशल्य असाधारण.'

"असाधारण म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांना जमत नाही असं."

"लोसेकाकूंनी वाचलं?"

"बाईंनी त्यांना सगळा अहवाल मोठ्यानं वाचून दाखवला. गोऱ्या चित्रकाराचंही सांगितलं. काकू मूळ हात बघायला आल्या होत्या. खूप वेळ बघत बसल्या."

शंभरीच्या समारंभाच्या आदल्या आठवड्यात गावातल्या बायका सालीचे मोठे कापड करायला जमल्या. लांबलचक फळीच्या दोन्ही अंगांना ओळी करून बसल्या. झाडाच्या सालीचे तुकडे एकमेकांना चिकटवायचे, खालचा नक्षीचा ठसा तपकिरी रंगाने घासून वर आणायचा. गप्पा, चहाटळ विनोद, मध्येच गाणे. मानाची जागा फळीच्या मध्यावर, तिथे लोसेकाकू. कालोलाइने आली, कमरेला तीच फाटकी चटई, आणि कुणाला अडचण नको म्हणून अगदी टोकाला बसली. तिच्या शेजारच्या दोघी थोड्या आक्रसल्या. मोआलाची बायको. राणीच्या अंगावर स्वतःचा हात काढवून घेणारी.

कुणीतरी मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "बायांनो, हात जपून हं, कुठं कुणाचा चिकटेल, सांगता येत नाही."

पाच-सहाजणी हसल्या. कालोलाइने खाली मान घालून कापूस-चिंधीचा बोळा रंगात बुडवत राहिली.

"कालोलाइने," लोसेकाकूंनी मधूनच हाक मारली. हसणे थांबले. "तिथं काय करतेस टोकाला? मला ठसा दिसेनासा झालाय. इकडे ये."

ती उठली, वाकून, बायकांच्या मागून 'तुलौ, तुलौ' म्हणत मध्यापर्यंत गेली आणि उभी राहिली. लोसेकाकूंनी तिच्याकडे न बघताच आपली मांडी आवळून घेतली. एका बाईपुरती जागा झाली.

"खळ घट्ट झालीय. पाणी घाल जरा."

कालोलाइने बसली. भांड्यात पाणी ओतून ढवळू लागली.

"आणि ती फाटकी चटई सोड कमरेची," लोसेकाकू म्हणाल्या. "कामात लुडबुडते."